परक्यांचे दुकान

वाचकहो, दुकान म्हणजे काय हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. मीठ-मिरचीपासून खिळ्यांपर्यंत सगळे आपण दुकानातून आणतो. दुकानदार बाहेरून माल आणतो, त्यावर चार पैसे चढवतो आणि विकतो. ते वरचे चार पैसे म्हणजे त्याचा नफा. त्या नफ्यावर त्याचे घर चालते. इथवर सगळे सरळ आहे.

पण समजा, एक गाव आहे. त्या गावात सगळ्यांचे मिळून एकच घर आहे. कोठार एक, स्वयंपाक एक. कुणाला मजुरी नाही. कुणाच्या खिशात पैसा नाही. अशा गावात दुकान कशाला लागेल? आणि काढलेच दुकान, तर त्याचा नफा कुणाचा?

असे गाव खरोखरच होते. ते होते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया नावाच्या प्रांतात, लीहाय नदीच्या काठी. गावाचे नाव बेथलेहेम. येशू ख्रिस्ताचा जन्म ज्या गावी झाला त्याचेच हे नाव. १७४१ च्या नाताळात नव्या वस्तीला ते दिले गेले. आम्ही सांगतो ते दुकान तिथे १७५३ साली निघाले. त्या वेळी पेनसिल्व्हेनियात इंग्रजांचा अंमल होता, आणि आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा काळ चालू होता. त्या दुकानाचे नावच मोठे चमत्कारिक होते. त्याला म्हणत 'परक्यांचे दुकान'.

हे नाव का पडले, ते समजायला आधी तिथली माणसे कोण ते पाहू.

युरोपात आज ज्याला चेक देश म्हणतात, त्याच्या एका भागाचे नाव मोरेव्हिया. शेजारचा भाग बोहेमिया. तिथे यान हुस नावाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. धर्माधिकाऱ्यांची चैन आणि पैसे घेऊन पापाची माफी विकणे त्याला पटत नव्हते. तसे तो उघड बोलला. म्हणून १४१५ साली त्याला जिवंत जाळले. पुढे त्याच्या विचारांच्या काही लोकांनी १४५७ साली आपला एक बंधुसंघ काढला. ते एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणत. राज्यकर्त्यांनी त्यांचा फार छळ केला. कितीकांनी घरेदारे सोडली. अशी पळून आलेली काही कुटुंबे १७२२ साली जर्मनीतल्या सॅक्सनी भागात पोहोचली. तिथे झिन्झेनडॉर्फ नावाचा एक तरुण जहागीरदार होता. त्याने त्यांना आपल्या जमिनीवर थारा दिला. तिथे जी वस्ती झाली तिचे नाव हेर्नहुट. मोरेव्हियातून आलेले म्हणून लोक त्यांना मोरेव्हियन म्हणू लागले.

ही माणसे थोडी, पण जिद्द मोठी. १७३२ पासून त्यांचे धर्मोपदेशक जगभर जाऊ लागले. कुणी वेस्ट इंडीजच्या बेटांवर, तर कुणी ग्रीनलंडच्या बर्फात. त्यातलेच काही पेनसिल्व्हेनियात आले आणि त्यांनी बेथलेहेम वसवले.

बेथलेहेमला आल्यावर समोर काय होते? रान. झाडे तोडायची, घरे बांधायची, शेत काढायचे. शिवाय धर्मोपदेशकांना दूरदूर पाठवायचे. जो उपदेशाला जाणार, त्याच्या वाटचे शेत कोण करणार? त्याच्या मुलांना कोण सांभाळणार? म्हणून त्यांनी सगळ्यांचा मिळून एकच संसार मांडला. जो हिंडेल तो उपदेशाचे काम करील, आणि जो घरी राहील तो त्याच्या पोटाचे काम करील.

या एकत्र संसाराची रीत आपल्याला जरा अवघड वाटेल. आपल्याकडेही एकत्र कुटुंबे होती, पण ती रक्ताच्या नात्याची. इथे शेकडो माणसे, रक्ताचे नाते नाही, तरी चूल एक. अविवाहित भाऊ एका इमारतीत राहत, अविवाहित बहिणी दुसऱ्या इमारतीत. सुरुवातीच्या काळात नवरा-बायकोसुद्धा वेगवेगळे निजत. लहान मुले दीड-दोन वर्षांची झाली की बालगृहात ठेवत. महत्त्वाचा निर्णय अडला तर चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेत. लग्नेसुद्धा तशीच ठरत. कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी चांभार, कुणी विणकर. तीसहून अधिक धंदे त्या वस्तीत चालत. पण जोड्याचे पैसे चांभाराला मिळत नसत. त्याला जेवण, कपडा, निवारा मिळे. आजारपणात औषध मिळे. त्याच्या मुलांना शाळा मिळे. १७५४ साली तर त्यांनी सह्या करून लिहून दिले, की आम्ही जे काम करतो त्याची मजुरी आम्ही कधी मागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग पैशाचे कामच काय उरले?

उरले, आणि पुष्कळ उरले. मीठ शेतात पिकत नाही. साखर, कॉफी, चहा, बारीक कापड, सुया, कागद, बंदुकीची दारू हे सगळे बाहेरून यायचे. समुद्र ओलांडून माणसे आणायला जहाज लागे. 'आयरीन' नावाचे एक जहाज त्यांनी १७४८ साली पाण्यात सोडले; १७५७ साली ते फ्रेंचांच्या हाती सापडले. दूरच्या उपदेशकांचा खर्च होता. आणि सगळ्यांत जड ओझे होते ते कर्जाचे. झिन्झेनडॉर्फने या कामासाठी युरोपात भरमसाट कर्ज काढले होते. देव चाकरी मान्य करतो, पण सावकार व्याज मागतोच.

म्हणजे गावात पैसा नको होता, पण गावाला पैसा हवा होता. तो यायचा कुठून? बाहेरच्यांकडून. आजूबाजूला पुष्कळ शेतकरी येऊन राहिले होते. त्यांत जर्मन होते, आयरिश होते, इंग्रज होते. १७५२ साली सरकारने त्या भागाचा नॉर्दॅम्प्टन नावाचा वेगळा जिल्हा केला, इतकी वस्ती वाढली. मोठी बाजारपेठ म्हणजे फिलाडेल्फिया. ती सुमारे पन्नास मैल दूर, म्हणजे ऐंशी किलोमीटर. बैलगाडी-घोडागाडीची वाट. एका सुईच्या पुडीसाठी कोण तेवढे जाणार?

मोरेव्हियनांनी हे हेरले. बेथलेहेममध्ये टिमथी हॉर्सफील्ड नावाच्या गृहस्थाचे एक दगडी घर होते. त्याला लागून त्यांनी दुकान थाटले. भावा-बहिणींना हवे ते सामाईक कोठारातून मिळत होते. दुकान होते ते संघाबाहेरच्यांसाठी. म्हणून ते 'परक्यांचे दुकान'. दुकान ठेवणाऱ्यांत विल्यम एडमंड्स नावाचा एक इंग्रज भाऊ होता. तो १७५५ साली प्रांताच्या विधानसभेवरही निवडून गेला. गल्ल्यावरच्या माणसाला पंचक्रोशीत सगळे ओळखतात, हे तिकडेही तसेच असावे, असे आम्हाला वाटते.

दुकानाचा व्यवहार कसा चाले ते नीट पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे.

त्या काळी त्या मुलुखात रोख नाणे फार थोडे. शेतकऱ्याच्या घरात धान्य असे, लोणी असे, सणाचे सूत असे, हरणाचे कातडे असे. पण नाणे नसे. मग दुकानदार काय करी? माल देई आणि वहीत नावे मांडी. सुगी झाली की शेतकरी गहू घेऊन येई. गव्हाची किंमत त्याच्या नावावर जमा होई. वही पौंड, शिलिंग आणि पेन्समध्ये. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. पैसा हातात दिसत नसे, तरी वहीत फिरत असे. आपल्याकडच्या जुन्या खतावणीत आणि या वहीत फारसा फरक नाही.

पण ही उधारी एकट्या शेतकऱ्याची नव्हती. फिलाडेल्फियाचा व्यापारी दुकानाला माल उधार देई. त्या व्यापाऱ्याला लंडनचा व्यापारी उधार देई. म्हणजे लंडनपासून लीहाय नदीपर्यंत उधारीची एकच साखळी. एका शेतकऱ्याचे पीक बुडाले, तर त्याचा धक्का टप्प्याटप्प्याने वर जाई. लंडनला तंगी आली, तर त्याचा चिमटा शेवटी शेतकऱ्याला बसे. जे गाव जगापासून दूर राहून देवाचे नाव घ्यायला बसले होते, ते या दुकानामुळे साऱ्या जगाच्या बाजाराला बांधले गेले.

इथे एक प्रश्न येतो. धर्माने चालणाऱ्या माणसांनी नफा घ्यावा का? ख्रिस्ती धर्मग्रंथात पैशाच्या लोभाला वाईट म्हटले आहे. आणि व्यापारी म्हटला की लोक त्याच्याकडे जरा संशयानेच बघतात, हे सगळीकडेच.

मोरेव्हियनांचे म्हणणे थोडक्यात असे होते. नफा हे पाप नाही. लबाडी हे पाप आहे. हाव हे पाप आहे. नफा कसा मिळवला आणि कुठे गेला, हे विचारा. रास्त भाव घेतला, माप पुरे घातले आणि उरलेला पैसा उपदेशकांच्या कामाला लावला, तर तो पैसा देवाच्याच कामाचा. म्हणून त्यांनी दुकान बंद करण्याऐवजी दुकानदारावर नजर ठेवली. दुकान संघाचे, वही संघाची, दुकानदार संघाचा चाकर. त्याने स्वतःच्या नावावर व्यापार करायचा नाही. कुणी भाऊ गुपचूप स्वतःची खरेदी-विक्री करू लागला, तर त्याला वडीलधारे बोलावून विचारत. नाहीच ऐकले, तर त्याला संघाबाहेर जावे लागे. आणि संघाबाहेर म्हणजे गावाबाहेर, कारण सगळी जमीन संघाची.

इथे आम्हाला आमच्या गावची एक गोष्ट आठवते, ती सांगतो. आम्ही शाळेत असताना गावच्या एका सहकारी भांडाराच्या वह्या तपासायचे काम आमच्याकडे असे. भांडार चांगल्या हेतूने निघाले होते. भाव रास्त, माप पुरे. पण चार वर्षांत बसले. आम्ही खतावणी उघडून पाहिली, तर थकलेली नावे सगळी कार्यकारी मंडळाच्या भावकीची! परक्याने दोन रुपये ठेवले तर त्याच्याकडे तगादा. मेहुण्याने दोनशे ठेवले तर 'अहो गुरुजी, देईल हो, कुठं पळतोय?' आम्हीही तेव्हा फार ताणून धरले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यामुळे बेथलेहेमचे दुकान 'परक्यांचे' होते, हे आम्हाला पहिल्यांदा वाचताना हसू आले आणि मग विचार आला, की त्यात एक शहाणपणही होते. आपल्या माणसांची उधारी तिथे नव्हतीच. आपल्यांना जे द्यायचे ते कोठारातून उघड द्यायचे, आणि दुकानात फक्त हिशेब.

दुकान निघाले आणि दोनच वर्षांत त्या भागात लढाई पेटली. इंग्रज आणि फ्रेंच यांची ही लढाई. तिथल्या मूळ रहिवाशांना गोरे लोक 'इंडियन' म्हणत. आपण नव्हे, ती माणसे वेगळी. त्यांतले पुष्कळ जण फ्रेंचांच्या बाजूने उठले. त्यांचा राग उगाच नव्हता. १७३७ साली पेनसिल्व्हेनियाच्या मालकांनी त्यांच्याकडून जमीन घेतली ती फसवून. दीड दिवसात माणूस जेवढा चालेल तेवढी जमीन, असे बोलणे झाले होते. मालकांनी आधीच रानातून वाट साफ करून ठेवली आणि पळणारे गडी लावले! बेथलेहेमच्या आसपासचा मुलूख त्यातलाच. २४ नोव्हेंबर १७५५ ला मोरेव्हियनांच्या ग्नाडेनह्यूटन या ठाण्यावर हल्ला झाला. अकरा माणसे मारली गेली. घाबरलेले शेजारी शेकड्यांनी बेथलेहेममध्ये आश्रयाला आले. जे कालपर्यंत दुकानाच्या दारापर्यंत येणारे परके होते, ते आता गावातच निजत होते, आणि त्यांना खाऊ घालायचे होते. खर्च वाढला.

मग १७६० साली झिन्झेनडॉर्फ वारला. कर्जाची सगळी वही आता संघापुढे उघडी पडली. दुसरीकडे, एका चुलीचा संसार करून लोकही थकले होते. मुलेबाळे वाढली होती. आपले घर असावे, आपल्या मुलांना आपण वाढवावे, असे पुष्कळांना वाटू लागले होते. शेवटी १७६२ साली एकत्र संसार मोडायचे ठरले.

मोडायचे, पण कसे? भाऊ वाटणीला बसले की भांडी मोजली जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे बरेचसे शांतपणे झाले. पुष्कळ कारागिरांनी आपापला धंदा स्वतःच्या अंगावर घेतला. घरोघरी चूल पेटली. ज्याची त्याची कमाई ज्याची त्याची झाली. पण काही गोष्टी संघाने सोडल्या नाहीत. जमीन सोडली नाही; ती फक्त संघातल्या माणसाला भाडेपट्ट्याने मिळे. १७६० साली प्रवाशांसाठी उघडलेली 'सन' नावाची खाणावळ सोडली नाही. आणि दुकान सोडले नाही.

हे का, ते पाहा. चांभार आपल्या हाताच्या कामाचे पैसे घेतो. त्याला दिवसाला जोडे करून करून किती होणार? पण दुकानात पैशावर पैसा चढतो. एका माणसाच्या हाती दुकान गेले असते, तर दहा वर्षांत तो गावचा सावकार झाला असता. आणि कर्जाचे व्याज भरायला, म्हाताऱ्या उपदेशकांना पोसायला संघाकडे पैसा उरला नसता. म्हणून जिथे नफा मोठा, तिथे मालकी सगळ्यांची ठेवली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या व्यवहारात ही सर्वांत विचाराची गोष्ट.

पण एक फरक पडला. आता भावालाही मीठ आणि साखर पैसे मोजून घ्यावी लागू लागली. उधारीचा प्रश्न आता घरात आला. कुणी ऐपतीबाहेर कर्ज करतो का, कुणी भलता भाव लावतो का, हे पाहायला त्यांनी एक देखरेख मंडळ नेमले. त्या मंडळाचे सगळे निर्णय सगळ्यांना आवडत असतील असे नाही. शेजारी आपल्या कर्जाची चौकशी करतो, हे कुणाला आवडते?

अशी दुकाने मोरेव्हियनांनी इतरत्रही चालवली. हेर्नहुटच्या दुकानाची गोष्ट तर याहून मोठी आहे. तिथे १७४७ साली अब्राहम ड्युरनिंगर नावाच्या स्ट्रासबर्गच्या व्यापाऱ्याने गावचे सामाईक दुकान हाती घेतले. तेव्हाच्या बाजारात घासाघीस चाले. ड्युरनिंगरने ठरलेला एकच भाव ठेवला. लहान मूल आले तरी तोच, जहागीरदार आला तरी तोच. मग आसपासच्या विणकरांचे तागाचे कापड घेऊन तो परदेशी पाठवू लागला, पार स्पेनपर्यंत. व्यापार खूप वाढला. १७७३ साली तो वारला, तेव्हा एवढी मोठी पेढी त्याच्या घरच्यांकडे गेली नाही, संघाकडे राहिली. त्याच्या नावाची कंपनी आणि धर्मादाय संस्था पुढे चालू राहिली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आम्ही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम नावाचा देश आहे. तेव्हा तिथे डच लोकांचे राज्य होते. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. या गुलामांना उपदेश करायला मोरेव्हियन गेले. खर्च भागवायला त्यांच्यातल्या क्रिस्टोफ केर्स्टेन नावाच्या शिंप्याने १७६८ साली शिवणकामाचे दुकान काढले. दुकान वाढले. आणि हात कमी पडू लागले तेव्हा त्या दुकानाने गुलामच विकत घेतले, आणि त्यांच्याकडून शिवून घेतले! उपदेश गुलामांना, आणि उपदेशाचा खर्च गुलामांच्या घामातून. सुरिनाममध्ये गुलामगिरी १ जुलै १८६३ ला बंद झाली, ती सरकारने केली. बेथलेहेममध्येही थोडे गुलाम होते. ते एकाच पंक्तीला जेवत, एकाच देवळात बसत आणि भाऊ म्हणवले जात. पण ते विकत घेतलेले होते, हे खरे. वहीत भाव रास्त, माप पुरे, आणि तरी त्याच वहीत माणसाची किंमत लिहिलेली. नफा कुठे गेला हे त्यांनी काटेकोर पाहिले. तो कुणाकडून निघाला, हे दर वेळी पाहिले नाही.

बेथलेहेमचे पुढे काय झाले? १८४४ साली संघाने जमिनीचा तो नियम उठवला. कुणीही येऊन घर घ्यावे, दुकान काढावे. संघाच्या व्यवस्थेचे दिवस संपले. पुढे तिथे लोखंडाचा मोठा कारखाना आला आणि गावाचे शहर झाले. संघाचे पुस्तकांचे एक दुकान मात्र टिकले. ते परक्यांच्या दुकानाच्याही आधीचे, १७४५ सालचे. नदीपलीकडच्या एका खाणावळीत ते सुरू झाले होते. त्याची मालकी संघाने २०१८ साली आपल्या कॉलेजकडे सोपवली. २०२४ साली बेथलेहेम, हेर्नहुट आणि आयर्लंड बेटावरचे ग्रेसहिल या मोरेव्हियन वस्त्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली. डेन्मार्कमधल्या त्यांच्या एका गावाची नोंद आधीच, २०१५ साली, झाली होती.

परक्यांच्या दुकानाच्या वह्याही बेथलेहेमच्या दफ्तरखान्यात जपून ठेवल्या आहेत. अभ्यासक लोक त्या उघडून वाचतात. पानापानांवर आसपासच्या शेतकऱ्यांची नावे आहेत. एका बाजूला त्यांनी काय नेले ते, आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी काय आणून दिले ते.